लातूरच्या कुरडया ऐरोलीत वाळेनात

वाळवणवाली
नमस्कार मंडळी. दहा वर्षं झाली ऐरोलीत राहतेय. माहेर लातूर जिल्ह्यातलं, औसा तालुका. यंदा आई पहिल्यांदाच उन्हाळ्यात माझ्याकडे आली आणि रिकामं बसवेना म्हणून तिनं कुरडयांचा घाट घातला. तीन दिवस गहू भिजवले, रोज पाणी बदललं, चीक काढला, शिजवला, सोऱ्यानं घातल्या. सगळं रीतीप्रमाणे. सकाळी आठला गच्चीवर धोतरावर पसरल्या. ऊन असं की पायाला चटका बसत होता. संध्याकाळी बघते तर वरून कोरड्या, आतून चामट. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी आंबूस वास.

"गव्हात खोट आहे" इथपासून "तुमच्या नळाच्या पाण्याला गुण नाही" इथपर्यंत सगळं ऐकून झालं. गावाकडं माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, दोन दिवसांत ह्याच कुरडया खडखड वाजायच्या. लातूरला ४० च्या पुढं पारा असतो, इथं ३४-३५, हे मान्य. पण फरक तेवढ्यानंच पडतो का? दुसरा घाणा भिजत घातलाय, लवकर सांगा.

संत्रानगर
ताई, गहू बरोबर, पाणी बरोबर, आई तर बरोबरच. हवा चुकली.

माझी गोष्ट ऐका. बदली होऊन खारघरला आलो तेव्हा नागपूरहून ट्रकमध्ये कूलर घालून आणला. मोठा, लोखंडी, खिडकीत बसणारा. बायको म्हणाली नको, मी म्हटलं एसीचं बिल कोण भरणार. लावला. पहिल्या रात्री घरभर ओल. चादर दमट, पापड मऊ, भिंतीवर घाम. तिसऱ्या दिवशी शेजारचे विचारायला आले, "तुमच्याकडे पाइप फुटलाय का?" नागपुरात तोच कूलर मे महिन्याच्या दुपारी खोलीत थंडी आणायचा. आता गॅलरीत उभा आहे, त्यात बायकोनं मनीप्लँट लावलाय.

उगाच_एक
कूलरमध्ये कुरडया वाळवून बघा.

मास्तर_नौपाडा
संत्रानगर यांनी न कळत उत्तर दिलेलं आहे. कूलर, कुरडई आणि तिसरा माठ, तिघांचं काम एकच: पाण्याची वाफ होऊन ती हवेत जाणे. वाफ होताना उष्णता घेते म्हणून कूलर आणि माठ गार करतात, आणि पाणी निघून गेलं म्हणून कुरडई वाळते. पण हवेनं ते पाणी घ्यायला तर हवं! लातूर-नागपूरला एप्रिल-मेच्या दुपारी हवा तहानलेली असते, आर्द्रता पाव हिश्श्यावर किंवा त्याहून खाली येते. आपल्याकडे खाडीवरची हवा भर दुपारीसुद्धा निम्म्याहून जास्त भरलेली. पाहुणा जेवूनच आलाय, त्याला किती आग्रह करणार? ऊन कडक असूनही वाळत नाही ते म्हणून.

ठाण्यात माठातलं पाणी फ्रीजच्या जवळपासही जात नाही, याचंही कारण हेच. लोक उगाच कुंभाराला दोष देतात.

वाळवणवाली
सर, आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे गहू चांगलाच होता." एवढंच तिला हवं होतं.

पडवी
थांबा थांबा. मी राजापूरकडची, आता ठाण्यात कोपरीला. कोकणातली हवा तुमच्या ऐरोलीपेक्षा काही कोरडी नाही, तरी आम्ही काय वाळवत नाही? आमसुलं, आंबापोळी, फणसपोळी, पोह्याचे पापड, तांदळाच्या फेण्या, सुके बांगडे, सुकट. आगोट म्हणजे पावसाआधीची सगळी बेगमी, ती कोकणात नाही तर कुठे होते?

पण तुमच्या लक्षात येईल की आमच्या बहुतेक वाळवणात एक तर मीठ मजबूत, नाहीतर आंबटपणा, नाहीतर ती चीज कागदासारखी पातळ. आमसुलाच्या सालांना पुन्हा पुन्हा आगळ, म्हणजे कोकमाचा खारा रस, लावून वाळवतो. आंबापोळी थरावर थर देत कित्येक दिवस चालते, आणि वाळली तरी लवचीकच राहते. खडखडीत वाजण्याची अपेक्षाच आम्ही ठेवलेली नाही. तुमची कुरडई म्हणजे जाड, पिठूळ, ओल धरून बसणारी. ती कोरड्या मुलखाची लेक आहे, तिला सासर मानवलं नाही.

खाडीकाठ
मी घणसोली गावठाणातला, मूळचा. आमच्या आजोबांची मिठागरात अर्धी हयात गेली. दिवाळीनंतर खाडीचं पाणी कोंडायचं, एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत फिरवायचं, पाऊस येईपर्यंत मीठ ओढायचं. आजोबा सांगायचे, मीठ उन्हानं नाय पिकत, वाऱ्यानं पिकतं. दुपारचा खारा वारा सुटला की कोंडीवर मिठाची साय धरायची. तर ताई, गच्चीवर दुपारी दोननंतर वारा कुठून येतो ते बघा आणि धोतर त्या बाजूला टाका. भिंतीच्या आडोशाला टाकू नका. धूळ बसेल म्हणून सगळे आडोसाच शोधतात.

मास्तर_नौपाडा
खाडीकाठ यांच्या आजोबांना मनापासून नमस्कार. त्यात एक मेख आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतून पाणी ओढायला लागतं. म्हणून जूनमध्ये आपल्याकडे मिठाची बरणी पाझरते आणि आपण त्यात तांदळाचे दाणे टाकतो. मिठागरं पावसाळ्यात बंद, त्यात हेही आलंच. आता पुढचा भाग वाळवणवालींसाठी: कुरडईच्या चिकात तुम्ही मीठ घालता. रात्री आणि पहाटे ठाण्या-नवी मुंबईची हवा त्या ७५ च्या वर सहज जाते. म्हणजे दिवसभर जे वाळलं ते मीठ रात्री परत ओढून घेतं. रात्री कुरडया बाहेर ठेवल्या होत्या का?

वाळवणवाली
ठेवल्या होत्या! गावाकडं रात्री माळवदावरच असतात, वर एक पातळ कापड. कोण उचलतं रोज!

माणदेशी
माळवद शब्द वाचला आणि थांबलोच. कोपरखैरणेत पत्र्याखाली वाढलेल्या माणसाला तो शब्द कानात बसायला सुट्टीतलं आजोळ लागतं. म्हसवडजवळचं गाव. उन्हाळ्यात सगळं घर माळवदावर झोपायचं. खाली दोन हात जाडीच्या भिंती, भर दुपारी आत गेलं की अंधार आणि गारवा.

आमच्या भागात वर्षाला ५०० मिलिमीटर पडला तरी बरं साल म्हणतात. एवढ्याशा पावसाला उतरतं छप्पर हवं कशाला? सपाट मातीचं चालतं. ठाण्यात तेवढं पाणी जुलैच्या एका आठवड्यातही पडून जातं. मातीचं छप्पर इथं पहिल्या पावसात डाळीसारखं खाली येईल.

पडवी
आमच्याकडे उलटं. जांभ्याचा चिरा, वर उतरतं कौलारू, पुढे पडवी. मे महिन्यात कौलं चाळायची, फुटकी बदलायची, पडवीला बाहेरून झापांची झडी बांधायची नाहीतर पाऊस सरळ माजघरात. माझी आजी घर बघून माणूस कुठला ते सांगायची.

वाळवणवाली
माळवदाचं एवढं कौतुक चाललंय म्हणून लिहिते. आमच्याकडं काळी आणि पांढरी असं म्हणतात. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गावठाण. काळ्या मातीवर घर बांधायचं नाही. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पाया हलतो. भेगा अशा की लहानपणी माझी चप्पल गेली होती एकीत. घर पांढरीवर, आणि तीच पांढरी माती माळवदावर. ती पाणी खाली उतरू देत नाही. दर साली पावसाच्या तोंडावर नवा थर. जुना काढायचा नाही, वर नवा. वर्षानुवर्षं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे त्या सगळ्या थरांचा हिशेब झाला. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. किल्लारी आमच्यापासून लांब नाही. मातीत बांधलेल्या दगडी भिंती सुटल्या आणि वरचं ते सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. जवळजवळ ८ हजार माणसं गेली. मी शाळेत होते. आमचं घर उभं राहिलं, एक भिंत सुटली, आजोबांचा पाय गेला. उन्हापासून वाचवायला जे छप्पर पिढ्यान्‌पिढ्या जाड करत आणलं, त्यानंच असं केलं. त्यानंतर आमच्याकडं कोणी माळवद घातलं नाही. पत्रा आला, स्लॅब आला. दुपारी आत बसवत नाही, पण आई म्हणते रात्री झोप लागते.

केळीबाग
ताई, काय लिहू. वाचून थांबलो होतो.

मी रावेरचा, कळव्यात राहतो. विषय थोडा हलका करतो. तापीकाठच्या उन्हात केळी येते कशी, हा प्रश्न मला इथं दर दुसरा माणूस विचारतो. केळीला कोकणासारखी दमट हवा लागते असा समज. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, जानेवारीत पहाटे १० च्या खाली. दोन्ही केळीला वाईट. थंडीत पोग्यातून, म्हणजे शेंड्याच्या सुरळीतून, पान बाहेर येत नाही, त्याला चरका बसला म्हणतात. उन्हाळ्यात गरम वाऱ्यानं पानं फाटून झालर होते. मग बागेच्या कडेनं शेवरीची दाट रांग लावायची, आत ठिबक. बागेत शिरलं की बाहेरच्यापेक्षा वेगळी हवा, ओलसर, सावलीची. आम्ही हवा बांधतो म्हणा ना. खाली तापीचा खोल गाळ आणि वर सातपुडा, हे भांडवल. पण त्या गाळातलं पाणी विहिरींनी इतकं उपसलंय की आजोबांच्या वेळची पातळी आता गोष्टीत ऐकायची.

उगाच_एक
कळव्यात येऊन केळी डझनावर विकत घेताना काय वाटतं?

केळीबाग
घेत नाही. गावाहून कोणी आलं की घड येतो. मग सगळी बिल्डिंग चार दिवस शिकरण खाते.

संत्रानगर
विदर्भाकडे यावं की नाही कोणी? आमच्याकडे उन्हानं कॅलेंडरच बदललंय. उरलेल्या महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात, विदर्भात जूनच्या शेवटाला. माझ्या पोराला खारघरला आल्यावर पहिला धक्का हाच बसला, सुट्टी कापली म्हणून रडला. आणि तुम्ही लोक ३५ ला "मेलो मेलो" करता. नागपुरात ४५ ला सावलीत उभं राहिलं तर बरं वाटते. इथं सावलीतही घामच. कोरडं ऊन बरं, हे मी स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायला तयार आहे.

पडवी
आणि उष्माघात होतो तेव्हा? इथं माणूस घामानं वैतागतो, तिथं दवाखान्यात जातो. घामाला नावं ठेवू नका.

संत्रानगर
मान्य. पण त्यासाठीच खिशात कांदा असतो न बाप्पा.

मास्तर_नौपाडा
कांद्यावर मी बोलणार नाही.

झाडीपट्टी
विदर्भ म्हटलं की सगळ्यांना ऊन, कापूस आणि संत्रं दिसते. आम्ही भंडाऱ्याचे लोक भात खातो हो! नागपूरच्या पूर्वेला जसं जावं तसा पाऊस वाढत जातो. आमचा बराचसा पाऊस बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांतून येतो. म्हणून सह्याद्रीपासून पूर्वेला जाताना पाऊस आधी एकदम कमी होतो आणि मग हळूहळू परत वाढतो. मधले मराठवाडा-सोलापूर दोन्हींकडून उरलेल्यावर.

पाऊस आहे तरी भाताला ऐनवेळी खंड पडला की गेलं. म्हणून गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी बांधलेले तलाव. नंतर मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, गेली, कागदावर नाव झालं माजी मालगुजारी तलाव, आणि सरकारी माणसंही त्याला मामा तलाव म्हणतात. गावोगाव मामा. आणि धान कापून घरात आलं की हाती पैसा आणि रिकामा वेळ, तेव्हा झाडीपट्टीची नाटकं. रात्रभर, शेतातल्या मंडपात. वडसा हे त्याचं माहेर. पुण्या-मुंबईच्या नाटकाला तिकीट खिडकी लागते, आमच्या नाटकाला धानाचं पीक लागते. मी वाशीच्या नाट्यगृहात पहिल्यांदा गेलो तेव्हा दहाला नाटक संपलं म्हणून लोक उठले, मला वाटलं मध्यंतर झालं.

माणदेशी
"उरलेल्यावर" हा शब्द बरोबर पकडलात.

मास्तर, सह्याद्री ओलांडला की पाऊस एकदम कमी का होतो, ती भानगड इथं एकदा सांगाच. माझे वडील वाशीच्या बाजारात माथाडी होते. आमच्या चाळीत सगळे पाटण, जावळी, माण, खटाव. लहानपणी वाटायचं नवी मुंबई म्हणजे सातारा जिल्ह्याचाच एक तालुका. डोंगराकडचे पाटण-जावळीवाले म्हणायचे, आमच्याकडं पाऊस इतका की जमीन वाहून जाते, म्हणून आलो. आम्ही म्हणायचो, आमच्याकडं पाऊसच नाही, म्हणून आलो. जिल्हा एक, आणि पाठीवर पोतं सारखंच.

मास्तर_नौपाडा
सांगतो, पण पाठ्यपुस्तकातून नाही. एकदा ऑगस्टमध्ये ठाण्याहून मुलांची सहल नेली. महाड, पोलादपूर, आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर. घाट चढताना ढग अंगावर, समोरचं वळण दिसेना. समुद्रावरून आलेली हवा डोंगराला धडकून वर चढते, वर जाताना थंड होते आणि पाणी तिथंच टाकते. महाबळेश्वरला वर्षाचे साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर. वीसेक किलोमीटरवर पाचगणीला थांबलो तर नुसती भुरभुर. पसरणीचा घाट उतरून वाईला कृष्णेच्या घाटावर डबे उघडले तेव्हा ऊन पडलं होतं. एका मुलानं विचारलं, "सर, पाऊस कुठे राहिला?" मी मागे बोट दाखवलं. डोंगर उतरताना हवा परत तापते, तिच्यात पाणी फार उरलेलं नसतं. वाईच्या पुढं सरळ पूर्वेला गेलात की माणदेशींचं आजोळ.

मुलं मोठी झाली, भेटली की भूगोलाचं बाकी काही आठवत नाही म्हणतात, ते डबे आठवतात.

माणदेशी
त्या उरलेल्या पावसात आमचे लोक काय काय झाले बघा. कोणी मेंढरं धरली. कोणी खानापूर-आटपाडीकडून सोन्या-चांदीच्या गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्याला, निघाले, देशाच्या कुठल्याही शहरातल्या सराफ कट्ट्याला विचारा, गलाईवाला बहुधा आमच्याच बाजूचा. कोणी वाशी-कोपरखैरणे. शेतात राहिले त्यांची रब्बीची ज्वारी. पाऊस सप्टेंबरात कधीतरी येतो, काळी माती तेवढं पाणी पोटात धरून बसते, आणि ज्वारी थंडीभर त्याच ओलीवर येते. मंगळवेढ्याच्या मालदांडीला आता भौगोलिक मानांकन आहे. त्या भाकरीची चव इथं विकत मिळते, पण त्या हवेत दुसऱ्या दिवशी शिळी भाकरी कडक होते. इथं ती लिबलिबीत होते. कुस्करा करायचं सुखच गेलं.

पडवी
धनगरांचे कळप आमच्याकडे भात कापून झालं की घाट उतरून येतात. शेतात बसवतो, लेंडीखत होतं, त्यांना धान्य-पैसे देतो. पाऊस जवळ आला की परत वर. मेंढीला आमचा चिखल सोसत नाही. लहानपणी मला वाटायचं ते आमच्यासाठीच येतात.

आणि कोणी "तुमच्याकडे काय, पाणीच पाणी" म्हणू नका. आमच्या वाडीत तीन हजार मिलिमीटर पडतो आणि एप्रिलमध्ये विहिरीला तळ दिसतो. घाटापासून समुद्र केवढासा लांब! पाणी उतरतं ते सरळ खाडीत. जांभा चाळणीसारखा, धरून ठेवत नाही.

खाडीकाठ
लांब कशाला जाता, आपल्याच जिल्ह्यात शहापूर बघा. तानसा, भातसा तिथंच. पाइपलाइन गावाच्या उशाला, पाणी मुंबई-ठाण्याला, आणि मे महिन्यात तिथल्या पाड्यांवर टँकर.

आणि एक आठवण करून देतो. तुम्ही सगळे आपापल्या गावचा पाऊस सांगताय, पण बसलायत आमच्या खाडीत. सेक्टर व्हायच्या आधी इथं खारजमीन होती. बांध घालून, त्यात उघाड्या म्हणजे पाणी सोडायची दारं ठेवून आमचे लोक भात काढायचे. १९७० ला नवी मुंबई वसवायला सिडको आली, ९५ गावांची जमीन गेली. मग साहेबांनाही तेच करावं लागलं. तुमच्या सेक्टरच्या कडेला जे धारण तलाव आहेत ते शोभेचे नाहीत. भरती आली की झडपा बंद, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला सोडायचं. आमच्या उघाडीचंच मोठं भावंड. त्या तलावांत गाळ भरू दिला आणि काठची तिवरं तोडली तर एखाद्या जुलैत भरती आणि पाऊस एकत्र येऊन तुमच्या पार्किंगमध्ये खाडी परत येणार. तिला वाट माहीत आहे.

संत्रानगर
खारघरच्या पार्किंगमध्ये येऊन गेली आहे. कूलर तेव्हा वरच्या मजल्यावर होता म्हणून वाचला.

वाळवणवाली
मंडळी, कुरडयांकडे परत येऊ का? अहवाल देते. दुसरा घाणा: मीठ निम्मं, सोऱ्याची ताटली बारीक, खाडीकाठ म्हणाले तसं वाऱ्याच्या तोंडावर, रात्री घरात पंख्याखाली. गच्चीच्या किल्लीवरून सोसायटीत जे झालं ते इथं लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी बऱ्याचशा वाळल्या. तळून बघितल्या, फुलल्या, पण मधोमध एक कडक गाठ राहते. आईनं एक तोंडात टाकली आणि म्हणाली, "खाण्यापुरती झाली. ठेवण्यापुरती नाही."

मग तिनं उरलेल्या सगळ्या धोतरात बांधल्या आणि परवा रात्रीच्या लातूर गाडीनं घेऊन गेली. ठाण्याला गाडीत बसवताना गाठोडं मांडीवर, कोणाला हात लावू देईना. आज दुपारी फोन आला. पत्र्यावर टाकल्या होत्या, दीड तासात वाजायला लागल्या.

उगाच_एक
आता त्या परत ऐरोलीला येणार? आल्या की मऊ पडणार?

पडवी
पत्र्याच्या डब्यात भरा, झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद लावून घट्ट दाबा, आणि रोज उघडून बघू नका. आमच्याकडे सुकट अशीच गणपतीपर्यंत टिकते. दोन्ही एकाच कपाटात मात्र ठेवू नका.